भाच्याच्या गोळीविषयी

नागपूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारले, "ज्या औषधाने तुझे उंदीर बेभान होतात, त्याच जातीचे औषध आपल्या नातवाला, लक्ष लागावे म्हणून का होईना, कसे द्यायचे?" मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही आणि दिवसभर ते मनाला लागून राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देताना दोघींमधल्या बारीक फटीत डोपामिन नावाचे रसायन सोडते आणि काम झाले की एक वाहक प्रथिन ते परत आत ओढून घेते. न्हाणीतल्या मोरीसारखेच हे आहे. कोकेन या मोरीला बोळा लावते, त्यामुळे डोपामिन फटीत तुंबते. अ‍ॅम्फेटामिन हे दुसरे उत्तेजक औषध त्याच मोरीतून पेशीत शिरते, आतल्या साठवणीच्या पिशव्या रिकाम्या करते आणि प्रवाह उलटा फिरवते. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा माझ्या खोलीत मोरीतूनच पाणी वर आले होते, ते तुम्ही पाहिलेच आहे.

जेमतेम पंचवीस ग्रॅमच्या उंदराला असे औषध टोचले की थोड्याच वेळात तो पेटीच्या भिंतीलगत न थांबता फेऱ्या मारू लागतो. मात्रा आणखी वाढवली तर धावणे थांबते आणि तो एकाच कोपऱ्यात मान खाली घालून तीच जागा हुंगत राहतो. इतकी वर्षे हे काम करूनही ते दृश्य पाहताना मला वाईट वाटते.

मात्र १९९६ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील मार्क कॅरन यांच्या प्रयोगशाळेने हे वाहक प्रथिनच नसलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मेंदूत डोपामिन किमान शंभरपट अधिक वेळ रेंगाळत असे, ते औषधाविनाच सैरावैरा धावत आणि कोकेन किंवा अ‍ॅम्फेटामिन दिल्याने त्यांचे धावणे वाढत नसे. पुढे १९९९ मध्ये त्याच प्रयोगशाळेला आढळले की मेथिलफेनिडेट, म्हणजे भाच्याच्या गोळीतले औषध, या उंदरांना उलट शांत करते. आणि तेही डोपामिनमुळे नव्हे, तर सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या मार्गाने. मुलांमध्येही हेच घडते असे यावरून म्हणता येणार नाही, आणि आई, मी तसे म्हणतही नाही. पण उत्तेजक औषध दिले की प्रत्येक मेंदू बेभान होतोच, ही समजूत त्या उंदरांनी खोटी ठरवली.

बाबा, तुमची खरी भीती व्यसनाची आहे, हे मला ठाऊक आहे. मेथिलफेनिडेटही त्या मोरीला बोळाच लावते, हे मी लपवणार नाही. परंतु औषध मेंदूत किती वेगाने चढते, यावर नशा पुष्कळ अंशी अवलंबून असते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत पोटातून गेलेली गोळी सावकाश चढते आणि सावकाश उतरते. लहान मात्रेत तिचा प्रभाव लक्ष एकाग्र करणाऱ्या, कपाळामागच्या भागावर अधिक पडतो, असे उंदरांच्या मोठ्या भाऊबंदांत, म्हणजे रॅटमध्ये, दिसले आहे.

गोळी सकाळी न्याहारीनंतर द्यावी, कारण तिने भूक मंदावते आणि उशिरा घेतली तर झोप उडते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्रा कमी-जास्त करू नये. त्याचे वजन आणि उंची दर महिन्याला वहीत लिहून ठेवा. पुढच्या रविवारी उमरेडला आले की ती वही मी पाहीन.

तुमची,
धाकटी