छतावरची तबकडी आणि इंटरनेटबंदी: मित्रास पत्र

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. छतावर उपग्रहावरून इंटरनेट देणारी तबकडी बसली की यापुढे कोणत्याही सरकारला आपल्या नागरिकांचे इंटरनेट तोडता येणार नाही, असे तू मोठ्या विश्वासाने लिहिले आहेस. तसे व्हावे असे मलाही वाटते. परंतु गेल्या काही वर्षांत जे घडले ते पाहता, बंदीचे बटण सरकारच्या हातून सुटले तरी ते नाहीसे होत नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाते, असे माझे मत झाले आहे. ते का झाले, हे जरा सविस्तर लिहितो.

इंटरनेट बंद करण्यासाठी केबल तोडावी लागत नाही. २७ जानेवारी २०११ च्या रात्री इजिप्तमधील सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी सरकारच्या आदेशावरून आपल्या जाळ्यांकडे येणाऱ्या मार्गांची घोषणा मागे घेतली, म्हणजे आपल्यापर्यंत कसे पोहोचायचे हे जगाला सांगणे थांबवले, आणि थोड्याच वेळात जवळजवळ सारा देश जगाच्या जाळ्यातून गायब झाला, तो सुमारे पाच दिवस. देशात येणाऱ्या वाटा मोजक्या असतात आणि त्या सांभाळणाऱ्या कंपन्या सरकारी परवान्यावर जगतात, म्हणून हे शक्य होते. त्या दिवसांत लोकांनी दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट जोडणारे जुने डायल-अप मोडेम काढून परदेशातील क्रमांक फिरवले, आणि फ्रान्समधील एका छोट्या ना-नफा संस्थेने त्यासाठी आपला क्रमांक सर्वांना मोफत खुला केला. बंदीला वळसा घालण्याची धडपड तबकडीपेक्षा बरीच जुनी आहे, ती अशी.

इजिप्तच्या बंदीचा फटका तिथल्या अर्थव्यवस्थेलाही बसला. इराणने त्यावर उपाय शोधला. तिथे देशांतर्गत सेवांसाठी 'राष्ट्रीय माहिती जाळे' उभारण्यात आले, ज्यामुळे बाहेरचे जग बंद झाले तरी देशातील अनेक सेवा चालू ठेवता येतात. पेट्रोलच्या दरवाढीवरून नोव्हेंबर २०१९ मध्ये निदर्शने पेटली तेव्हा तिथले इंटरनेट सुमारे आठवडाभर जवळजवळ पूर्ण बंद होते. बंदी महाग असते तोवर सरकार दहादा विचार करते. ती स्वस्त झाली की हात सैल सुटतो. 'ॲक्सेस नाऊ' या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०२४ या एका वर्षात ५४ देशांमध्ये मिळून २९६ बंदींची नोंद केली, आणि त्यात म्यानमारखालोखाल भारताचा क्रमांक होता, हेही तुला ठाऊक असावे.

आता तुझ्या तबकडीकडे येतो. जुने दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असत. त्यामुळे संदेश जाऊन येण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. इलॉन मस्क यांच्या कंपनीच्या 'स्टारलिंक' या इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात. ते सतत पुढे सरकत असल्याने तबकडीला एकाकडून दुसऱ्याकडे वळावे लागते, पण ती जागची हलत नाही. तिच्यातील असंख्य लहान अँटेना मिळून लहरींचा झोत विजेच्या साह्याने वळवतात. खरी गंमत पुढे आहे. अलीकडच्या उपग्रहांमध्ये लेझरचे दुवे असल्याने तेहरानमधून निघालेला संदेश आकाशातच या उपग्रहावरून त्या उपग्रहावर जात दुसऱ्याच देशातील, इंटरनेटशी जोडलेल्या जमिनीवरच्या केंद्रावर उतरू शकतो. सरकारच्या ताब्यातील एकही वाट त्याला लागत नाही. तुझा उत्साह इथवर अगदी रास्त आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलीस कोठडीतील मृत्यूनंतर इराण पेटले, अमेरिकेने निर्बंधांत सवलत दिली आणि चोरवाटांनी तबकड्या देशात येऊ लागल्या. इराणने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे, म्हणजे रेडिओ लहरींचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे, तक्रार केली, आणि संघाच्या नियमांप्रमाणे इराणची बाजू सबळ ठरली, कारण कोणत्याही देशाच्या परवानगीशिवाय तिथून लहरी प्रक्षेपित करता येत नाहीत, हा नियम जुना आहे आणि सर्व देशांनी मान्य केलेला आहे. जून २०२५ मधील इस्रायलबरोबरच्या युद्धकाळात पुन्हा इंटरनेट तुटले, आणि त्याच महिन्यात तिथल्या संसदेने अशी उपकरणे बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवणारे विधेयक मंजूर केले. जानेवारी २०२६ च्या बंदीत तर उपग्रहाच्या सेवेतही जाणूनबुजून अडथळे आणले गेल्याच्या बातम्या आल्या. तबकडीला आपले स्थान कळण्यासाठी जीपीएसचा आधार लागतो, आणि जीपीएसचे क्षीण संकेत दाबून टाकणे फारसे अवघड नसते. त्यावर तोड म्हणून जीपीएस बाजूला ठेवून केवळ कंपनीच्या उपग्रहांवरून स्थान ठरवण्याची सोय आहे. परंतु छतावर दिसणारी तबकडी आणि शेजाऱ्याच्या मोबाइलवर उमटणारे वाय-फायचे नाव यांना अशी तोड नाही. लहरींपेक्षा माणसे पकडणे सोपे असते.

तरीही या तबकड्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. यादवी युद्धात सापडलेल्या सुदानमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून कित्येक भागांतील संपर्क तुटला तेव्हा लोक पैसे मोजून सामाईक स्टारलिंक केंद्रांवर रांगा लावत आणि घरच्यांची खुशाली कळवत, पैसे मागवत. एका तबकडीवर शेकडो माणसांचे निरोप जाऊ शकतात, हे मोल थोडे नाही. फक्त तिथे या केंद्रांवर अनेकदा बंदूकधाऱ्यांचेच नियंत्रण होते, हेही विसरू नकोस.

आता मला सर्वांत अधिक खटकणारी गोष्ट. सरकारच्या बटणाऐवजी आपण एका खासगी कंपनीच्या बटणावर विसंबतो आहोत. रशियाच्या ताब्यातील क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची युक्रेनची २०२२ सालची विनंती इलॉन मस्क यांनी नाकारली. कारण काहीही असो, निर्णय एका माणसाचा होता. जिथे कंपनीला रीतसर परवाना मिळतो तिथे ती सरकारच्या अटींनी बांधली जाते. भारताने मे २०२५ मध्ये उपग्रह सेवांसाठी घातलेल्या सुरक्षाविषयक अटींनुसार सांगितल्या भागातील सेवा बंद करता आलीच पाहिजे. याउलट बांगलादेशात, जुलै २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनातील बंदीचे चटके बसल्यावर, पुढच्या कोणत्याही सरकारला पुन्हा तसे करता येऊ नये म्हणून स्टारलिंकला वाट मोकळी केल्याचे तेव्हाच्या अंतरिम सरकारने सांगितले. पण परवाना देणारे सरकार बदलले तर? परवाना असेल तर आदेश पाळावा लागतो आणि नसेल तर वापरणारा गुन्हेगार ठरतो. या दोहोंच्या मधली मोकळी जागा मला तरी फार अरुंद दिसते. मोबाइलला थेट उपग्रहाशी जोडण्याच्या नव्या सोयीचेही तेच, कारण त्यासाठी अनेकदा स्थानिक मोबाइल कंपन्यांच्याच लहरी वापरल्या जातात.

म्हणून माझा कल आजही न्यायालयाकडे आहे, ती वाट कितीही संथ असो. काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी बेमुदत बंदी बेकायदेशीर ठरवली आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करण्यास सांगितले. तरी तिथे फोर-जी परतायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तू या संथपणावर हसशील, हे मला ठाऊक आहे.

हसण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मात्र लिही. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 'एक्स' हे माध्यम बंद करण्यास स्टारलिंकने आधी नकार दिला आणि मग तो आदेश पाळला. तुझ्या मते कंपनीने आधी केले ते योग्य की नंतर केले ते? आणि उत्तर काहीही असले, तरी तेहरानमधील आदेशालाही तू तीच कसोटी लावशील का?

सवडीने लिही, पण लिही.

तुझा,
वसंत