मांडव आणि नोंदणी: चिरंजिवास पत्र

दांडिया बाजार, वडोदरा

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी अंगणात अंतरपाटाचे एक टोक धरून तू मला जे विचारलेस, त्याचे मी दिलेले उत्तर चुकीचे होते. "बाबा, आम्हा दोघांचे लग्न कधी होऊ शकेल का?" असे तू स्वतःविषयी आणि तुझ्या जोडीदाराविषयी, म्हणजे दोन पुरुषांच्या लग्नाविषयी विचारलेस, आणि मी "शास्त्रात बसत नाही" एवढे बोलून मंगलाष्टके सुरू केली. तू टोक सोडले नाहीस. शेवटच्या 'सावधान'पर्यंत तसाच उभा राहिलास. रात्री ध्यानात आले की तू कायद्याचे विचारत होतास आणि मी शास्त्राचे सांगत होतो. पस्तीस वर्षे पौरोहित्य केलेल्या माणसाकडून ही गल्लत व्हायला नको होती.

मी होमाशेजारी तांदळाच्या सात राशी मांडतो आणि वधूचे उजवे पाऊल एकेका राशीवरून पुढे नेतो. सातवे पाऊल पडले की १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणेही विवाह पूर्ण होतो. शेजारच्या गुजराती मांडवात चारच फेरे होतात, आणि तेही कायद्याला मान्य आहेत, कारण रूढी त्याने ज्याच्या त्याच्यावर सोडली आहे. या कायद्याखाली विधी न करता नुसते प्रमाणपत्र घेतले तर तो विवाहच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले. इथे मांडव आणि कायदा एकाच गाठीत बांधलेले आहेत, म्हणून एकाला हात लागला की दुसऱ्याला धक्का बसेल असे माझ्यासारख्यांना वाटते.

परंतु १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ही गाठच नाही. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी, तीन साक्षीदार आणि दोघांनी एकमेकांना उद्देशून उच्चारायचे एक वाक्य, एवढ्यावर तो विवाह होतो. अग्नी लागत नाही, भटजीही लागत नाही. १८७२ च्या जुन्या कायद्यात अशा विवाहासाठी आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे. हिंदूंपुरती ती अट १९२३ मध्ये सैल झाली आणि १९५४ मध्ये धर्माचा प्रश्नच उरला नाही. एप्रिल २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मागणाऱ्या तुमच्यासारख्या समलिंगी जोडप्यांच्या याचिकांची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात सुरू झाली, तेव्हा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आपण धर्मागणिक असलेल्या वैयक्तिक कायद्यांत शिरणार नाही, विशेष विवाह कायद्यापुरतेच पाहू, असे आरंभीच स्पष्ट केले होते. माझ्या मांडवाला कोणी हात लावत नव्हते, आणि तरीही मी त्या दिवसांत चारचौघांत "आता ही लग्ने आमच्याकडून लावून घेणार" असे बोललो. तू घरातच होतास. तू ते ऐकले असशील, याचे मला फार वाईट वाटते.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात, विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा बदलणे हे संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता हवी, हे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांचे मत तिघांच्या बहुमतापुढे टिकले नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

मला मात्र आपल्या बडोद्याची आठवण होते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१५ मध्ये पुरोहितांसाठी कायदा झाला, आणि माझ्या आजोबांना परीक्षा देऊन, मंत्रांचा अर्थ यजमानांना समजावून सांगता येतो हे दाखवावे लागले. पुढे १९३१ मध्ये याच राज्याने हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला, ब्रिटिश मुलखात सर्व हिंदूंसाठी तसा कायदा नव्हता तेव्हा. शास्त्र विवाह अतूट मानते, तरी आजोबांनी तीच सप्तपदी, तेच मंत्र शेवटपर्यंत म्हटले. राज्याने आपल्या नोंदवहीत काय लिहावे हे ठरवले आणि मांडव जसाच्या तसा राहिला. म्हणून, विवाह हा शब्द धर्माकडे ठेवावा आणि तुम्हाला वेगळे, कमी मानाचे नाव द्यावे, हे मला पटत नाही. १९५४ च्या कायद्याच्या नावातच विवाह आहे, आणि त्या नावावर आम्हा भटजींचा हक्क कधीच नव्हता.

उद्या तुम्ही मला मंत्र म्हणायला सांगितलेत तर मी काय करीन, याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही. सातव्या पावलाच्या मंत्रात 'सखा' हा शब्द येतो, आणि तिथे अलीकडे माझा आवाज थोडा थांबतो, एवढे खरे सांगतो. ते माझे मला सोडवू दे. तुमच्या नोंदणीने त्यासाठी ताटकळू नये. कायदा झाला तर तीन सह्यांपैकी एक माझी असेल.

तोवर एक काम करा. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडता येते आणि एकमेकांना नामनिर्देशित करता येते, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. ते या महिन्यात उरकून घ्या, आणि संक्रांतीला दोघेही या. आईने त्यालाही निरोप द्यायला सांगितले आहे.

तुझा,
बाबा