जमिनीवर न घातलेल्या चटईबद्दल

आदरणीय फिजिओ मॅडम,
स. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच ‘मान सरळ ठेवा’ म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतो.

तुमच्याकडे येण्याआधी उमेदीची काही वर्षं कंबरेला पट्टा बांधून पडून राहण्यात गेली. एकाने स्लिप डिस्क म्हटलं, दुसऱ्याने युरिक ॲसिड, तिसऱ्याने तर रिपोर्टचं पाकीट न उघडताच ‘टेन्शन फार घेता का?’ विचारलं. पहाटे दुखण्याने जाग येते, तासभर अंग आखडलेलं असतं, चाललं-फिरलं की मोकळं होतं, हे मी प्रत्येकाला सांगत होतो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची, म्हणजे पाठीच्या कण्याला धरणाऱ्या संधिवाताची, खूण ती हीच! पण ऐकून कोण घेतो? सल्ला ठरलेला: आराम करा. आणि या दुखण्यात आरामानेच पाठ लाकडासारखी होते.

पुढे संधिवाततज्ज्ञांनी एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पाहून निदान केलं, औषधं सुरू झाली. व्यायामाची शिस्त मात्र तुमची. टाचा भिंतीला टेकवून उभं करायचं, डोकं आणि भिंत यांच्यातलं अंतर टेपने मोजायचं, श्वास घेताना छाती किती फुगते ते बघायचं, आणि सुधारणा दिसली तरी कौतुक बेताचंच!

पावसाळ्यात आजार उसळला तेव्हा मोजे घालायलाही बायको लागायची. त्या सकाळी मी व्यायाम कायमचा बंद करतोय हे सांगायलाच आलो होतो. खाली बसलो तर उठताना चारचौघांत कुणाचा तरी हात मागावा लागणार, याचीच धास्ती. आत आलो तर माझी चटई उंच टेबलावर अंथरलेली, शेजारी उशी. रिक्षातून उतरताना तुम्ही मला खिडकीतून पाहिलं असणार. त्याबद्दल चकार शब्द नाही. ‘आज फक्त श्वास, आणि गुडघे डावीकडे-उजवीकडे,’ एवढंच म्हणालात. सांगायला आलेलं तसंच राहून गेलं.

औषधं लिहून देणारे पुष्कळ भेटले. समोरच्याला ओशाळं न करता त्याची सोय बघणारे थोडेच. त्या दिवशीचा रिक्षावालाही त्यातलाच. मी उतरेपर्यंत उगाच मीटरशी चाळा करत बसला.

कंटाळा अजून येतो, थंडीत तर फारच. तरी गरम पाण्याने आंघोळ करून चटई पसरतोच.

माझ्या आतेभावाचीही कंबर हल्ली पहाटे धरते. आधी संधिवाततज्ज्ञांकडे नेतोय, मग तुमच्याकडे. तो बोलतो फार, सांभाळून घ्या.

आपला,
मंगळवार-शुक्रवारचा पेशंट