मिरजेला जाण्यापूर्वी

सांगली

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार घाबरलास आणि बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

माझ्या मानेवर पुढच्या बाजूला, उजवीकडे, गाठ हाताला लागते. ती दुखत नाही. आपल्या डॉक्टरांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला, मागे उभे राहून दोन्ही हातांच्या बोटांनी मान चाचपली आणि एकेक घोट घ्यायला सांगितले. घोटाबरोबर गाठ वर सरकली, तेव्हा ती थायरॉईडची असावी असे ते म्हणाले. आवाज बदलला आहे का, गिळताना अडकते का, लहानपणी मानेला रेडिएशन दिले होते का, घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला होता का, हेही त्यांनी विचारले. या सगळ्याला माझे उत्तर ‘नाही’ असेच होते.

रक्ताची टीएसएच तपासणी नॉर्मल आली, तेव्हा तुझ्या मावशीला वाटले की विषय संपला. मला ते पटले नाही. त्या तपासणीतून ग्रंथीचे काम कसे चालले आहे एवढेच कळते. गाठ कशाची आहे ते कळत नाही, आणि थायरॉईडचा कॅन्सर असलेल्या बहुतेकांचे टीएसएच नॉर्मलच असते. म्हणून सोनोग्राफी केली. गाठ 1.8 सेंटिमीटरची, भरीव, कडा वेड्यावाकड्या आणि आत चुन्याचे बारीक कण, असा रिपोर्ट आला. अशा लक्षणांची गाठ एक सेंटिमीटरहून मोठी असेल तर सुईची तपासणी करतात.

त्या तपासणीची तुला फार धास्ती वाटत होती, पण तसे काही नाही. खांद्यांखाली उशी देऊन मान मागे करतात, ‘आता गिळू नका, बोलू नका’ म्हणतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत अगदी बारीक सुई गाठीत घालतात. निघालेला थेंब तिथेच काचपट्टीवर पसरवतात. मला टोचले तेवढेच.

हा रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने देतात. तिचे सहा वर्ग आहेत. माझा पाचवा, म्हणजे पॅपिलरी कॅन्सरचा दाट संशय. थायरॉईडच्या बहुतेक गाठी साध्या असतात हे खरे, पण हा कागद हातात आल्यावर त्या वाक्यावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही. पाचव्या वर्गातल्या बहुतेकांना पुढे कॅन्सरच निघतो, हे डॉक्टरांनी मला आडपडदा न ठेवता सांगितले. मीही तुझ्यापासून लपवत नाही. त्याचबरोबर पॅपिलरी हा थायरॉईडच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, तो सहसा सावकाश वाढतो आणि वेळेत उपचार झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात, हेही तितकेच खरे आहे.

डॉक्टरांनी मिरजेच्या सर्जनांना चिठ्ठी दिली आहे. थेट मुंबईला टाटामध्ये जाऊ, असे तू म्हणालास. तुझी माया मला कळते, पण 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी इस्पितळ काढल्यापासून दूरदूरचे लोक मिरजेला उपचारासाठी येत आले आहेत, आणि आपण तर शेजारीच राहतो. आधी मिरजेच्या सर्जनांचे मत घेऊ. ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीन द्यावे लागले, तर मुंबईचा विचार करू. ते प्रत्येकाला लागतेच असे नाही.

तू आताच रजा टाकू नकोस. सर्जनांच्या भेटीच्या दिवशी मात्र ये, कारण एकटीने ऐकले तर निम्मे निसटते. काय विचारायचे ते लिहून ठेवले आहे: अर्धी ग्रंथी काढणार की पूर्ण, मानेतल्या लसिका गाठींची सोनोग्राफी पुन्हा करायची का, आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी कशा जपणार, ऑपरेशनपूर्वी स्वरयंत्र तपासणार का, आणि नंतर थायरॉक्सिनची गोळी कायम घ्यावी लागेल का. तुला आणखी काही सुचले तर कळव. सोनोग्राफीच्या फिल्म, सुईचा रिपोर्ट आणि लॅबमधून मागून आणलेल्या काचपट्ट्या एकाच पिशवीत ठेवल्या आहेत. मिरजेचे पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा पाहतील.

तुझी,
आई