नानांना उकिरड्याजवळ जाऊ देऊ नका

नायमेगेन, नेदरलँड्स
18 मार्च

तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारलंत, "बुरशी लोणच्याला लागते, भाकरीला लागते; माणसाच्या फुप्फुसात कशी जाईल?" तेव्हा मला रडू कोसळलं आणि काही सांगता आलं नाही. ह्यांचा ताप उतरून आज चौथा दिवस. आता नीट लिहिते. नानांना शेजारी बसवून वाचा, कारण हे पत्र खरं तर त्यांच्यासाठी आहे.

केमोनंतर ह्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या, त्याच दिवसांत ताप भरला. अँटिबायोटिकं बदलून पाहिली, ताप हटेना. सहाव्या दिवशी सीटी स्कॅन काढला तर उजव्या फुप्फुसात गाठीसारखा डाग आणि त्याभोवती धुरकट कडं. ॲस्परजिलस, असं नाव सांगितलं डॉक्टरांनी. कुजणाऱ्या पाल्यात, मातीत, धुळीत सगळीकडे असते ही बुरशी. तिचे बीजाणू इतके बारीक, की केसाच्या जाडीत वीस-पंचवीस मावतील. आपण सगळेच ते रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि आपल्या पेशी ते गिळून टाकतात. ह्यांच्या अंगात ते काम करणारंच कुणी उरलं नव्हतं. आईला सांगा, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पोरीची काळजी करू नका.

त्यावर व्होरिकोनॅझोल सुरू केलं. आठवडा झाला तरी उतार नाही. मग दुर्बीण घालून फुप्फुसातला नमुना काढला, तेव्हा कळलं की ही बुरशी त्या औषधाला दादच देत नाही. आबा, ह्यांनी ते औषध आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. मग बुरशीला त्याची सवय लागली कुठे?

डॉक्टरांचं उत्तर ऐकलं आणि आपली द्राक्षबाग माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. इकडे ट्यूलिपचे कंद लावण्याआधी बुरशीनाशकात बुडवतात. वेलींवरच्या भुरी रोगासाठी तुम्ही हेक्झाकोनॅझोल मारता ना, त्याच कुळातली ती औषधं, आणि व्होरिकोनॅझोलही त्याच कुळातलं. कंदांचा कचरा ढिगात कुजतो, त्यात औषधाचा थोडा अंश राहतो. तेवढ्याने सगळी बुरशी मरत नाही. जी तगते ती माणसाच्या औषधालाही पुरून उरते. याच शहरातल्या डॉक्टरांनी 2007 साली अशा रुग्णांबद्दल लिहिलं होतं. आपल्या देशातही अशी बुरशी सापडलेली आहे. मी तुम्हाला बोल लावत नाही. भुरी आली की फवारल्यावाचून घड हाती लागत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलंय. पण दर वेळी त्याच कुळातलं औषध मारू नका. गंधकावर भागत असेल तिथे भागवा. कृषी सहायकांनाही विचारा.

ह्यांना मग शिरेतून ॲम्फोटेरिसिन हे वेगळ्या कुळातलं औषध दिलं. पहिल्या दिवशी दात वाजतील अशी थंडी भरली. मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून रोज रक्त तपासतात, पोटॅशियम कमी झालं की भरून काढतात. पण पांढऱ्या पेशीही वाढू लागल्यात, आणि डॉक्टर म्हणतात, खरी लढाई त्याच लढतील.

आता नानांचं. त्यांना किडनी बसवून अजून वर्ष झालं नाही. शरीराने ती किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्या प्रतिकारशक्ती दाबूनच ठेवतात. त्या बंद करायच्या नाहीत, एकही चुकवायची नाही. म्हणूनच बाकीचं जपायला हवं. पुढच्या महिन्यात वेलींची खरड छाटणी, तेव्हा ओळींतल्या चरांत शेणखत भरणं आलं. ढीग उकरला की वाफ निघते, ती ऊब या बुरशीला फार मानवते, आणि फावड्यासरशी बीजाणू हवेत उडतात. नाना दरवर्षी ढिगाशी उभे राहून माणसांना सांगतात, "तळाचं काढा, तळाचं." या वर्षी त्यांनी घरातूनच सांगावं. गुलाबाच्या कुंड्याही त्यांनी भरायच्या नाहीत. जुनी पडवी पाडायची ठरली आहे, तेव्हाही धूळ उडेल, म्हणून त्यांना आत्याकडे निफाडला पाठवा. आणि ताप आला, खोकला राहिला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर गावात इंजेक्शन घेऊन बसू नका. ज्यांनी किडनी बसवली त्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. दुसऱ्या कुणी बुरशीचं औषध दिलं तर तेही आधी त्यांना दाखवा, कारण त्याने किडनीच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण एकदम वाढू शकतं.

ह्यांनी काल अर्धी वाटी मऊ भात खाल्ला आणि वर लिंबाचं लोणचं मागितलं. अजून द्यायचं नाही म्हणतात. वॉर्डात फुलंही आणू देत नाहीत, कुंडी तर नाहीच.

काढणी कशी चालली आहे ते कळवा.

तुमची,
माई