दोन्ही हातांच्या मुंग्या

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद. परवा आलीस तेव्हा तू विचारलंस, "बाबा, हे आधी कळलं नसतं का?" हे म्हणजे माझ्या हृदयातला अमायलॉइडोसिस, अवयवांत चुकीचं प्रथिन साचण्याचा आजार. तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

कळलं असतं. आठ वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं, ऑपरेशन झालं, आठवतं? रात्री मुंग्यांनी जाग यायची, मी अंधारात हात झटकत बसायचो. शर्टाचं वरचं बटण तुझी आई लावून द्यायची. दोन्ही हातांना एकदम, तेही मनगटावर कसला ताण नसताना! अमायलॉइडोसिसमध्ये ही तक्रार अनेकदा हृदयाच्या कितीतरी वर्षं आधी येते. पुढे साधी पिशवी उचलताना दंडाचा स्नायूबंध तुटला. मग बीपीच्या जुन्याच गोळ्या सोसेनात, उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. पावलं सुजली, जिन्यात धाप लागू लागली. हाडांच्या डॉक्टरांनी हात पाहिले, हृदयाच्या डॉक्टरांनी हृदय. मनगटाचं दुखणं हृदयवाल्यांना सांगावं, हे मलाच सुचलं नाही. याची रुखरुख आहे.

शेवटी इकोत हृदयाची भिंत जाड दिसली, पण ईसीजीतल्या रेषा बुटक्या. भिंत जाड तर रेषा उंच हव्यात; हा विरोधाभास एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हेरला. यकृतात बनणारं ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन सुटं होऊन, चुकीची घडी पडून, तंतूंसारखं साचत होतं. गोळ्यांनी साचणं मंदावतं. साचलेलं मात्र त्या काढत नाहीत. म्हणून तर लवकर कळायला हवं.

याचा दुसरा प्रकार अस्थिमज्जेतून येतो आणि फार वेगाने वाढतो: फेसाळ लघवी, जाड जिभेच्या कडेला दातांचे ठसे, मार न लागता डोळ्यांभोवती काळंनिळं. त्याचे उपचार अगदी वेगळे. त्यामुळे नुसत्या स्कॅनवर कुणी निदान केलं तर थांबव. रक्त-लघवीतल्या लाइट चेनच्या, म्हणजे या दुसऱ्या प्रकारात साचणाऱ्या प्रथिनाच्या, तपासण्या सोबत हव्यातच.

माझा दोष जनुकातला निघाला. तो तुझ्यात असण्याची शक्यता 50 टक्के. असला तरी आजार होईलच असं नाही. तपासणी करायची की नाही, हे आधी जनुकीय समुपदेशकांशी बोलून तूच ठरव. माझा अहवाल सोबत जोडलाय.

आणि एक. परवा बोलताना तू सारखी डाव्या हाताची बोटं चोळत होतीस. रात्रीही मुंग्या येतात का? उजव्याला? लगेच कळव.

तुझे
बाबा