कुंभार्ली घाट, आजी आणि धाकटीचं लग्न

पुणे, रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

फोनवर दोनदा सांगायचा प्रयत्न केला पण जमलं नाही, तुझी मीटिंग लागलेली असते आणि माझ्या मागे घरातली गडबड, म्हणून आज सगळे झोपलेत तोवर लिहून काढतोय. मोठं होणार आहे, चहा घेऊन बस.

धाकटीचं, म्हणजे काकांच्या मुलीचं, लग्न झालं. गावालाच, अंगणात मांडव घालून, हॉल वगैरे काही नाही. आणि मी सायकलवरून गेलो. पुणे ते चिपळूण आणि पुढे गुहागर रोडला आमची वाडी, मीटरवर २४६ किलोमीटर, दोन दिवसांत.

घरी आधी बरंच बोलणं झालं. आईचं म्हणणं होतं की लग्नघरात भाऊ जागेवर पाहिजे, रस्त्यात तुला काही झालं तर मी काकूला काय सांगू. ती चुकीचं बोलत नव्हती. काकांना मुलगा नाही, म्हणजे लाजाहोमाला धाकटीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या मीच आणि कानपिळीही माझीच, आणि हायवेवर रात्री ट्रक कसे जातात ते तुला मी सांगायला नको. बाबांनी मात्र एवढंच विचारलं, "ब्रेकचे रबर नवीन टाकलेस का?" शेवटी असं ठरलं की मी एक दिवस आधी निघायचं, संध्याकाळी पाटणला मुक्काम करून फोन करायचा, दुसऱ्या दिवशी पहाटे घरचे गाडीने निघून घाटाच्या आधी मला गाठतील, आणि मी दमलेला दिसलो तर सायकल गाडीच्या कॅरिअरवर चढवायची, त्यावर वाद घालायचा नाही. मला पटलं ते.

तुला आमच्या लहानपणीच्या गावाच्या ट्रिपा माहितीयेत ना? बाबांची पांढरी मारुती व्हॅन, सात माणसं, मधल्या जागेत बोचकी. पोरं झोपेत राहावीत म्हणून पहाटे चारला निघायचं. त्यामुळे मला तो रस्ता म्हणजे काय आठवतो तर अ‍ॅव्होमीनची गोळी, हातात धरलेलं लिंबू, साताऱ्याच्या पुढे झाडाखाली पेपरवर वाढलेली पुरीभाजी, पुन्हा झोप आणि जाग आली की एकदम चिपळूणचा घाम. आजी पुढच्या सीटवर डोळे मिटून. तिला घाटात गाडी लागते म्हणून पाटण सोडलं की तिच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियमच होता. वीसेक वर्षं तो नियम आम्ही पाळला, का ते कुणी विचारलं नाही.

तर साडेतीनला निघालो. बोगद्याने न जाता कात्रजच्या जुन्या घाटाने गेलो, आपण दोघं नेहमी जायचो तसा. लाइटच्या गोल उजेडात तेवढाच रस्ता दिसतो आणि आपल्याच श्वासाचा आवाज, ते मला फार दिवसांनी मिळालं रे. शिंदेवाडीला हायवेला लागलो, खेड शिवापूर, कापूरहोळ, आणि सारोळ्याला नीरेच्या पुलावर उजाडायला लागलं. खंबाटकी चढताना तुझी फार आठवण आली. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे त्या ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, तू मला तिथेच म्हणाला होतास, "वर बघू नको, पुढच्या ट्रकचं मागचं चाक बघ." तेच केलं. लोड भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढतात, त्यांचा आणि सायकलचा वेग जवळजवळ सारखाच होतो, एका क्लीनरने खिडकीतून हात बाहेर काढून मला अंगठा दाखवला आणि वरपर्यंत आम्ही बरोबरच गेलो.

साताऱ्याला कंदी पेढे घेतले, लग्नघरी रिकाम्या हाताने कसं जायचं. इथपर्यंत सगळं हिशोबात होतं. पुढे ऊन चढलं. मार्चमधलं ऊन फसवं असतं, सकाळी गारठा म्हणून पाणी कमी पितो आणि बाराला एकदम पायातली ताकद जाते. नागठाण्याच्या पुढे वडाखाली तासभर आडवा झालो, दोन केळी, राजगिऱ्याचे लाडू, मीठ-साखरेचं पाणी, मग बरं वाटलं.

उंब्रजला हायवे सोडून पाटणकडे वळायच्या जरा आधी मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली ती बारीक तार, रस्त्याच्या कडेला पडलेली असते, डोळ्याला दिसत नाही. ट्यूब बदलली, तार काढायची राहिली, अर्ध्या किलोमीटरवर परत पंक्चर. तिथे उसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या. बीडकडचं एक जोडपं, ऊसतोडीला आलेलं. त्या माणसाने काही न बोलता चाक हातात घेतलं, टायरच्या आतून सावकाश बोट फिरवलं आणि तार शोधून दिली. बोटाला रक्त आलं त्याच्या, त्याने ते धोतराला पुसलं. कुठं चाललाय विचारलं, म्हटलं बहिणीच्या लग्नाला. तर बाईचा चेहरा एकदम खुलला, म्हणाली आमच्या पोरीचं पण पाडव्यानंतर धरलंय, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली, की गावाकडं जायचं. मी पेढ्याचा बॉक्स उघडला आणि चार पेढे पोरीच्या नावाने म्हणून त्यांच्या हातावर ठेवले. लग्नात अक्षता टाकताना मला तीच दोघं आठवत होती. उचल फिटली असेल का, पोरीच्या मांडवाला ती वेळेवर पोचतील का, हे अजूनही मनात येतं.

मल्हारपेठपासून पश्चिमेचं वारं तोंडावर. पाटणला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता, १७० च्या वर झाले होते, लॉजवर जाऊन आईला फोन केला, जेवलो की नाही तेही धड आठवत नाही.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे.

सकाळी अंधारातच निघालो. कोयनेच्या काठाकाठाने रस्ता जातो, नदीवर धुकं, दोन्ही बाजूला डोंगर, मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा फुललेला. कोयनानगर मागे टाकून हेळवाकला टपरीवर चहा घेत बसलो तोवर घरची गाडी आली. आई-काकू उतरल्या, थर्मास, डबे, तू किती काळा पडलास वगैरे सुरू झालं. आणि आजी उतरली. ती कधी तिथे उतरत नाही. काठी टेकत माझ्या सायकलपाशी आली, सीटवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "पाटणपासून सायकल मारत आलास म्हणजे आमच्या घरावरून आलास."

मला कळेना. आजीचं माहेर त्या बाजूचं एवढं माहीत होतं, पण घर कुठलं ते कधी कुणी दाखवलं नव्हतं. मग तिने काठीने मागचं वळण दाखवलं. भूकंपात गेलं म्हणाली.

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. तारीख आणि वेळ तिला तोंडपाठ. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. मार्गशीर्षातली थंडी, सगळे वाकळा पांघरून झोपलेले. आधी फळीवरची भांडी खणखणली, तिला वाटलं मांजर शिरलं, आणि पुढच्या क्षणाला भिंत आत आली. तिच्या वडिलांनी धाकट्या दोघांना दंडाला धरून ओढून बाहेर काढलं. अंधारात आपलं कोण आणि शेजारचं कोण हेही कळत नव्हतं, नुसत्या हाका. माघात तिचं लग्न ठरलं होतं, रुखवताचं सामान, साड्या, सगळं त्या भिंतीखाली गेलं. नंतर कितीतरी दिवस लोक घरात झोपायला तयार नव्हते, शेतात गोणपाटाची पालं बांधून राहिले. लग्न वैशाखात झालं, अशाच एका पालात, शेजारणीच्या शालूवर. आणि वऱ्हाड एसटीने याच कुंभार्ली घाटातून खाली उतरलं. "ढिगाऱ्यातनं एक पितळेची परात निघाली तेवढी माझ्याबरोबर सासरी आली. एका बाजूनं चेपलेली."

मित्रा, ती परात तू पण बघितलीयेस! तू मे महिन्यात आला होतास तेव्हा आपण तिच्यातच रायवळ आंबे पिळले होते, आणि तू विचारलं होतंस ही अशी वाकडी का. मी म्हणालो होतो पडली असेल.

बाबा गाडीच्या बॉनेटला टेकून ऐकत होते. त्यांनाही हे सगळं माहीत नव्हतं, परातीचं तर नव्हतंच. ते आजीला म्हणाले, "आई, कधी बोलली नाहीस." ती म्हणाली, "इथं आलं की तुम्ही सगळे मला गप्प बसवता."

बाबा वळले आणि उगाच गाडीच्या टायरमधली हवा तपासत राहिले. मी पण काही बोललो नाही. तिला गाडी लागत नव्हती रे, निदान ते एकच कारण नव्हतं.

रात्री मांडवात पडल्या पडल्या मी मोबाइलवर वाचत बसलो. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप होता, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाला चिरा गेल्या पण धरण उभं राहिलं. भरलेल्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगभर कोयनेचं नाव घेतात. शाळेत आपल्याला कोयना म्हणजे वीज एवढंच पाठ होतं, आणि माझ्या घरात ते बघितलेलं माणूस रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून निवडणं टिपणं करत होतं.

घाट उतरताना आजीने हट्ट धरला की गाडी माझ्या मागेच ठेवायची. बाबांनी चारी इंडिकेटर लावून पूर्ण कुंभार्ली माझ्या मागे उतरवला. मागे आपली गाडी आहे म्हटल्यावर ट्रकची भीती अर्ध्यावर येते. पुढचा मागचा ब्रेक आलटून पालटून, तरी रिम तापल्या म्हणून दोनदा थांबलो. कुसुंबाला नवी पालवी आली होती, इतकी लाल की लांबून फुलंच वाटतात. प्रत्येक वळणाला हवा गरम होत जाते आणि पोफळीच्या जवळ आलं की मोहोराचा वास येतो, गाडीच्या काचा बंद असल्या की तो कसा कळणार. थांबलो की मागे बघायचो, आजी पुढच्या सीटवर, काच खाली, डोळे उघडे.

चिपळूणला खूप गरम होत होतं, ते सोडतो. साडेबाराला वाडीत पोचलो तर पोरं रस्त्यावर उभी, ताशा वाजवत. शिमग्याच्या पालख्या अजून फिरत होत्या म्हणून ताशे हाताशीच होते. धाकटी हळदीच्या साडीतच पळत अंगणाबाहेर आली आणि तिला काकूंचा ओरडा बसला.

लग्नाचं सगळं लिहीत नाही, फोटो पाठवलेत. ओल्या काजूची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी होती, तुला खूप आवडली असती. लाह्या घातल्या, कान पिळला, मांड्या इतक्या दुखत होत्या की होमापाशी उकिडवं बसताना डोळ्यात पाणी आलं आणि बायकांना वाटलं बहिणीसाठी रडतोय. तेही खरंच होतं. पण एक सांगतो. जावयाचे पाय धुवायला काकांनी नवीन स्टीलचं ताट आणून ठेवलं होतं. बाबा उठले, माळ्यावर चढले आणि ती चेपलेली परात चिंच लावून घासून घेऊन आले. कुणाला काही सांगितलं नाही. गुरुजींनी एकदा परातीकडे बघितलं आणि पुढचं सुरू केलं. आजी खुर्चीवर होती, ती पदराने नुसतं परातीचं पाणी टिपत राहिली, पाय धुऊन झाल्यावर सुद्धा.

येताना सायकल कॅरिअरवर टाकली आणि मी सगळ्यांबरोबर गाडीत आलो, उजेडात, नाश्ता करून सावकाश निघून. पहाटेचं निघणं बंदच करायला पाहिजे असं माझं ठाम मत झालंय, ट्रॅफिक वाचतो पण रस्ता हातचा जातो. आजी पाटणपर्यंत बोलत होती, इथं आमची शेती, इथं एसटी थांबायची, इथं माझी मैत्रीण राहायची, ती गेली त्यात. बाबांनी चार ठिकाणी गाडी थांबवली. मी सुद्धा उंब्रजला माझं पंक्चरचं ठिकाण दाखवलं, उसाच्या गाड्या मात्र नव्हत्या. सहा तासांच्या रस्त्याला साडेनऊ तास लागले.

आता तुझं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, डॉक्टरांनी सायकल चालवायला हो म्हटलंय असं वहिनीच म्हणाली, तरी तू विषय काढला की बदलतोस. मी फ्रान्समधल्या त्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल राइडचं बोलत नाहीये, ते १२०० किलोमीटर आणि ९० तास २०२७ ला आहेत, त्याच वर्षी आधी २००, ३००, ४००, ६०० च्या बीआरएम कराव्या लागतात, ते राहू दे बाजूला. माझं एवढंच म्हणणं आहे की आजीला पुढच्या फाल्गुनात पुन्हा हेळवाकला जायचंय, तिची एक चुलतबहीण त्या बाजूला आहे, तिला भेटायला. गाडी बाबा चालवणार. पाटण ते हेळवाक पंचवीसेक किलोमीटर आहे, चढ अगदी हळूहळू, नदी सोबतीला. तेवढंच आपण दोघांनी सायकलवर करायचं, बाबा मागे असतील.

तुझी सायकल आमच्याच गॅलरीत आहे. गेल्या आठवड्यात खाली काढली, चेन गंजली होती ती नवी टाकली, दोन्ही टायर बदलले, आतून बोट फिरवून बघितले. सीटची उंची हलवली नाही, तू मार्करने केलेली खूण अजून दिसते, तिथेच आहे. गुडघ्यासाठी थोडी वर घ्यायची असेल तर किती ते फिजिओला विचारून कळव, म्हणजे करून ठेवतो.

वहिनीला नमस्कार, छोटीला पापा. आजीने तुला विचारलंय.

तुझा,
मी

ता. क. पेढे पाठवतोय, उरलेत त्यातले. बॉक्स दबलाय, सायकलवर आलेत ते.